मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढावा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे पहिल्यांदाच निघालेले आईवडील, शिक्षणासाठी देशाबाहेर जाणारे विद्यार्थी आणि कामानिमित्त अचानक लांबचा विमानप्रवास वाट्याला आलेली माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात : ते शहर येथून किती लांब आहे, आणि पोहोचायला किती वेळ लागेल. इंटरनेटवर दोन्हींची उत्तरे क्षणात मिळतात, परंतु ती एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणी मुंबई–लंडन प्रवास आठ तासांचा दाखवलेला असतो, दुसरीकडे पावणेदहा तासांचा, आणि तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केली तर तो जेमतेम सव्वाचार तासांचा भरतो. यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नसते. प्रत्येक उत्तर निराळ्याच प्रश्नाचे असते. आपल्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी कोणता आकडा लागतो, हे एकदा समजले की गोंधळ उरत नाही.

येथे मुख्य उदाहरण म्हणून मुंबई–लंडन हा मार्ग घेतला आहे, कारण अडचणीच्या बहुतेक सर्व गोष्टी त्यात येतात. जवळच्या अंतरासाठी पुणे–नागपूर घेतले आहे. हाताशी कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर असला की पुरे.

पहिली पायरी : शहर नव्हे, विमानतळ निश्चित करा

अंतर शहरांमधले नसते, विमानतळांमधले असते. प्रत्येक प्रवासी विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा एक संकेत दिलेला असतो. मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी आणि लंडनच्या हीथ्रोचा एलएचआर. तिकीट काढताना शहराचे नाव वाचून थांबू नये; हा संकेत वाचावा. लंडनच्या नावाने हीथ्रोखेरीज गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथेंड असे विमानतळ ओळखले जातात आणि ते शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत. पुतण्याचे घर हीथ्रोच्या बाजूला आणि तिकीट मात्र गॅटविकचे, असे झाले तर विमानात वाचलेला वेळ रस्त्यावर खर्ची पडतो.

आपल्याकडेही आता हीच काळजी घ्यावी लागते. गोव्यात दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स आहे. मोपा पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला आहे, तर दाबोळी वास्कोजवळ आहे. सावंतवाडीला जाणाऱ्याने मोपा निवडावे आणि मडगावला जाणाऱ्याने दाबोळी, हे उघड आहे. परंतु केवळ 'गोवा' एवढेच पाहून तिकीट काढणारे अनेक जण असतात. मुंबईसाठीही आता उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाला असून त्याचा संकेत एनएमआय आहे. पनवेल, उरण किंवा पुण्याच्या बाजूने येणाऱ्यांना तो सोयीचा आहे, आणि वसई–विरारकडच्यांना नाही.

दुसरी पायरी : अंतर काढा

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश प्रसिद्ध असतात आणि नकाशाच्या कोणत्याही ॲपमध्ये ते दिसतात. ते दशांशात घ्यावेत. अंश आणि मिनिटे अशा स्वरूपात मिळाले, तर मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवावे. म्हणजे ७२ अंश ५२ मिनिटे याचे ७२.८७ अंश होतात. पुष्कळ जण ७२ अंश ५२ मिनिटे हे ७२.५२ असे लिहितात आणि मग अंतर बरेच चुकते.

हजारएक किलोमीटरच्या आतील अंतरासाठी सोपी रीत पुरते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवांकडे जाताना तो आकसत जातो. म्हणून १११ ला त्या भागातल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. पुणे विमानतळ १८.५८ अंश उत्तर आणि ७३.९२ अंश पूर्व येथे आहे, तर नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व येथे. अक्षांशातला फरक २.५१ अंश, म्हणजे २७९ किलोमीटर. रेखांशातला फरक ५.१३ अंश, दोहोंचा सरासरी अक्षांश सुमारे १९.८ आणि त्याचे कोसाइन ०.९४, म्हणून हे अंतर ५३५ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरसचा नियम लावावा : दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ६०३ येतात. पुण्याहून नागपूर हवाई मार्गाने सुमारे ६०० किलोमीटर आहे, आणि रस्त्याने सातशेहून अधिक. रस्ता आणि हवाई रेषा यांत एवढी तफावत साधारणतः असतेच. समृद्धी महामार्ग हा त्याला एक लक्षणीय अपवाद म्हणावा लागेल. नागपूर ते भिवंडीजवळील आमणे ही त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे, आणि मुंबई व नागपूर या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर.

लांबच्या अंतरासाठी ही रीत चालत नाही, कारण पृथ्वी सपाट धरल्याची चूक तेथे शेकडो किलोमीटरवर जाते. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत आखूड मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो त्या वर्तुळाच्या कंसावरून. त्याचे गणित दिसते तितके अवघड नाही. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे याची आधी खात्री करावी : ३० चे साइन काढून पाहावे, उत्तर ०.५ आले पाहिजे. दुसरे काही आले, तर तो रेडियनवर आहे आणि पुढचे सगळे उत्तर निरर्थक येईल.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. हीथ्रो ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे त्याचा रेखांश उणे धरायचा, आणि म्हणून रेखांशांतला फरक ७३.३२ अंश होतो. येथे वजाबाकी केली तर उत्तर सुमारे साठ किलोमीटरने कमी येते. लंडनच्या बाबतीत ही चूक फार होते. आता दोन गुणाकार करावेत. पहिला, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा : ०.३२७० गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५८. दुसरा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा : ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६८९. दोहोंची बेरीज ०.४२४७. ज्या कोनाचे कोसाइन एवढे आहे तो कोन, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचे उलट कोसाइन, ६४.८७ अंश येतो. या कोनाला ६० ने गुणले की सागरी मैल मिळतात, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे कोनाचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल. हे ३,८९२ सागरी मैल झाले. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, म्हणून मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून अंतर वाढत असेल, असेही काहींना वाटते. ती वाढ हजार किलोमीटरमागे दोन किलोमीटरचीही नसते.

गणित नको असेल, तर घरातला पृथ्वीगोल उत्तम काम देतो. विषुववृत्ताभोवती एक दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. ती ९६ सेंटिमीटर भरली, तर पृथ्वीच्या ४०,००० किलोमीटर परिघाच्या हिशेबाने एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४१७ किलोमीटर. आता तोच दोरा मुंबई आणि लंडन या दोन बिंदूंवर ताणून धरावा. तो सव्वासतरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ताणलेला दोरा आपोआप बृहद्वृत्तावर बसतो, आणि विमान कोणकोणत्या देशांवरून जाईल याचीही कल्पना त्यातून येते. मुलांना हे अवश्य करून दाखवावे. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, भूमध्य समुद्रापलीकडे दिसते. दोरा मात्र युरोपच्या उत्तर भागावरून वळतो.

एवढी खटपट करायची नसेल, तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन्ही संकेत टाकले की हेच अंतर मिळते. परंतु आलेला आकडा सागरी मैलांत आहे, साध्या मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हे पाहूनच पुढे जावे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, आणि या दोन मैलांची गल्लत झाली तर मुंबई–लंडन मार्गावर हजारएक किलोमीटरची चूक होते.

तिसरी पायरी : विमान प्रत्यक्षात कोठून जाते ते पाहा

सर्वांत आखूड रेषेवरून विमान क्वचितच जाते. मुंबई–लंडनची ही रेषा कराचीजवळून पाकिस्तानात शिरते, पूर्व इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्येकडे येते, साधारण मध्यावर जॉर्जियातील तिबिलिसीजवळून जाते, मग काळा समुद्र आणि युक्रेनवरून मध्य युरोपात उतरते. नकाशा समोर ठेवून ही यादी वाचली, म्हणजे अडचण लगेच ध्यानात येते. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ च्या अखेरीस भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली. त्यापूर्वी बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातही ती बंद होती. १३ जून २०२५ रोजी इराणची हद्द अचानक बंद झाली, तेव्हा पश्चिमेकडे निघालेल्या काही विमानांना वाटेतून परतावे लागले. अशा वेळी विमाने दक्षिणेकडून, सौदी अरेबिया आणि इजिप्तच्या बाजूने वळसा घेतात.

वळसा किती महत्त्वाचा ठरू शकतो, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली–ताश्कंद हे आहे. हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई–दिल्लीच्या दीडपटही नाही. तरीही पाकिस्तानवरून जाणे बंद होताच इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी या दोन्ही सेवा स्थगित कराव्या लागल्या, कारण वळसा घालून जाण्याइतका पल्ला त्या मार्गावरच्या विमानांना नव्हता. नकाशावरचे अंतर तसूभरही बदलले नव्हते.

सामान्य परिस्थितीतही ठरलेले हवाई मार्ग, लष्करी विमानतळांभोवतीची राखीव हद्द आणि धावपट्टीच्या दिशेनुसार घ्यावी लागणारी वळणे यांमुळे काही टक्के अंतर वाढतेच. आपल्या हिशेबासाठी मोकळ्या मार्गावर पाच-सहा टक्के धरावेत. मुंबई–लंडनचे ७,२१० किलोमीटर अशा रीतीने सुमारे ७,६५० होतात. वळसा मोठा असेल तर हा अंदाज सोडून द्यावा आणि फ्लाइटरडार २४ किंवा फ्लाइटअवेअर येथे आपल्या विमानाचा क्रमांक घालून मागील काही दिवसांचा प्रत्यक्ष मार्ग पाहावा.

चौथी पायरी : अंतरावरून वेळ काढा

येथे विमानाचा प्रकार माहीत असावा लागतो. देशांतर्गत मार्गांवर धावणारी एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ही विमाने ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. लांब पल्ल्याची बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० ताशी सुमारे ९०० ने. लहान शहरांना जाणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते. विमानाचा प्रकार तिकीट काढताना तपशिलात दिलेला असतो.

परंतु हा वेग वर पोहोचल्यानंतरचा असतो. जागेवरून मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत रांगेत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे या सगळ्यासाठी मिळून ४० मिनिटे वेगळी धरावीत. पुणे–नागपूरचे ६०० किलोमीटर ८३० च्या वेगाने ४३ मिनिटांत संपतात. त्यात ४० मिळवले की सुमारे एक तास पंचवीस मिनिटे होतात, आणि वेळापत्रकातली वेळ याच्या अगदी जवळ असते. मुंबई–दिल्लीचे १,१४० किलोमीटर याच हिशेबाने दोन तासांत व्हायला हवेत, पण वेळापत्रकात सव्वादोन तास दाखवलेले आढळतात.

ही पंधरा मिनिटे कोठून येतात, हे नवख्याने समजून घेण्यासारखे आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि देशातली प्रचंड वाहतूक तिच्यावरून चालते. संध्याकाळी मुंबईजवळ आलेले विमान समुद्रावर किंवा ठाणे–पालघरच्या आसपास घिरट्या घालत राहते, हा अनुभव नेहमीच्या प्रवाशांना आहेच. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी काही तास विमानतळ बंद ठेवावा लागतो. दिल्लीत डिसेंबर–जानेवारीत धुके असते. विमान कंपन्या हे सर्व जाणून वेळापत्रकातच थोडी सवड ठेवतात. वेळेवर आलेले विमान म्हणजे ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेले, असा हिशेब असल्यामुळे ती सवड त्यांच्याही उपयोगी पडते. म्हणून वैमानिकाने "आज आपण वीस मिनिटे लवकर पोहोचत आहोत" असे सांगितले, तर विमान वेगाने आले असेच नव्हे; सवड वापरावी लागली नाही, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

पाचवी पायरी : वाऱ्याची दिशा लक्षात घ्या

लांब पल्ल्याच्या प्रवासात जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार जेट प्रवाह असतात आणि विमाने नेमकी त्याच उंचीवरून उडतात. हिवाळ्यात असा एक प्रवाह उत्तर भारतावरून जातो, आणि पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भातला असल्यामुळे वारा पाठीमागून असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो, समोरून असेल तर घटतो.

सगळ्या प्रवासाचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटरचा धरला, तर लंडनला जाताना ७,६५० किलोमीटर ८५० च्या वेगाने नऊ तासांत होतात आणि चाळीस मिनिटे मिळवून नऊ तास चाळीस मिनिटे लागतात. परतताना तेच अंतर ९५० च्या वेगाने आठ तासांत होते आणि एकूण आठ तास चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. त्यामुळे या मार्गावर साधारण तासाभराचा फरक पडतो, आणि थंडीच्या दिवसांत तो अधिक जाणवतो.

वारा कधीकधी अंतरावरही मात करतो. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता, आणि तरीही वारा पाठीशी असल्यामुळे विमान सुमारे साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. वेळ ठरवताना केवळ अंतराकडे पाहू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

सहावी पायरी : तिकिटावरची वेळ नीट वाचा

तिकिटावरची प्रस्थानाची वेळ निघण्याच्या शहरातली आणि आगमनाची वेळ पोहोचण्याच्या शहरातली असते. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते आणि ती वर्षभर तीच राहते. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून भारत आणि लंडन यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असतो. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकेही याच दोन रविवारी बदलतात. त्यामुळे या तारखांच्या आसपासचे तिकीट असेल तर वेळ पुन्हा एकदा तपासावी.

समजा, जानेवारीत मुंबईहून पहाटे ५:१५ ला निघून लंडनला सकाळी ९:३० ला पोहोचायचे आहे. वजाबाकी सव्वाचार तास. पश्चिमेकडे जात असल्यामुळे त्यात साडेपाच तास मिळवले की पावणेदहा तासांचा प्रवास. परतीचे विमान लंडनहून रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:५० ला मुंबईस पोहोचत असेल, तर घड्याळाचा फरक चौदा तास वीस मिनिटे. पूर्वेकडे येत असल्यामुळे त्यातून साडेपाच तास वजा केले की आठ तास पन्नास मिनिटे. चौथ्या आणि पाचव्या पायरीत आपण काढलेला अंदाज याच्याशी जुळतो. तो जुळला नाही, म्हणजे तिकिटावरचा वेळ दोन-तीन तासांनी जास्त निघाला, तर वाटेत थांबा आहे किंवा मोठा वळसा आहे असे समजावे आणि तपशील उघडून पाहावा. 'डायरेक्ट' असे लिहिलेले विमानही मध्ये एखाद्या ठिकाणी उतरू शकते. न थांबता जाणारे हवे असेल तर 'नॉनस्टॉप' हा शब्द शोधावा. आगमनाच्या वेळेपुढे 'अधिक एक' असे बारीक अक्षरात असेल, तर ती दुसऱ्या दिवशीची वेळ आहे.

मुंबईहून युरोप–अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात, आणि तेथे एक धोका आहे. १५ तारखेला रात्री १:३० चे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री जेवण करून निघायचे विमान. १५ च्या रात्री विमानतळावर पोहोचलेल्या माणसाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते, आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात. घरातल्या ज्येष्ठांना तिकीट पाठवताना तारखेबरोबर "मंगळवारी रात्री घरून निघायचे" असे वाराचे नाव घालून लिहून द्यावे.

सातवी पायरी : दारापासून दारापर्यंतचा हिशेब

प्रस्थानाची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. बोर्डिंगचे गेट त्याआधी साधारण वीस-पंचवीस मिनिटे बंद होते, आणि सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी, काही कंपन्यांची त्याहूनही आधी. म्हणून देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आणि परदेशी प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला आहे. एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही.

वरचेच पहाटे ५:१५ चे विमान पुण्यातल्या कुटुंबाच्या नजरेने पाहू. विमानतळावर २:१५ ला पोहोचायचे. पुण्याहून सहारपर्यंत किमान चार तास धरावेत, पावसाळ्यात घाटामुळे पाच. म्हणजे आदल्या रात्री दहाला घर सोडले पाहिजे. लंडनला ९:३० ला उतरले, की पारपत्र तपासणी आणि सामान यांसाठी दीड तास. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना तेथील स्वयंचलित ई-गेटची सोय साधारणतः नसते, त्यामुळे रांगेत उभे राहावेच लागते. बाहेर पडेपर्यंत लंडनचे अकरा, म्हणजे भारतातले दुपारचे साडेचार. घर सोडल्यापासून साडेअठरा तास झाले, आणि त्यांपैकी विमानातले पावणेदहा. औषधाच्या वेळा, मधुमेह असणाऱ्यांचे खाणे आणि लहान मुलांची झोप यांचे नियोजन या साडेअठरा तासांवर करावे, तिकिटावरच्या आकड्यावर नव्हे.

नागपूर किंवा कोल्हापूरहून मुंबईला येऊन पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. मग सामान पुढे पाठवण्याची आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पर्यायी सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. वेगवेगळी तिकिटे असतील तर सामान मुंबईत घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि उशिराची जोखीम सर्वस्वी आपली राहते. अशा वेळी मधे पाच तासांहून कमी अंतर ठेवू नये, असे माझे मत आहे. पहिले विमान नवी मुंबईला उतरणारे आणि दुसरे सहारहून सुटणारे असेल तर आणखी दोन तास वाढवावेत.

न्यायला येणाऱ्या नातेवाइकाला विमानाचा क्रमांक आणि टर्मिनल दोन्ही कळवावे. हीथ्रोवर सध्या २ ते ५ असे चार टर्मिनल आहेत, आणि चौथे व पाचवे इतरांपासून बरेच दूर आहेत. त्याने घरून निघण्यापूर्वी विमानाची प्रत्यक्ष स्थिती ॲपवर पाहावी आणि उतरण्याच्या वेळेनंतर साधारण एका तासाने आगमन कक्षात पोहोचेल असे निघावे; तेथील वाहनतळाचे दर वेळेनुसार वाढत जातात, आणि त्याआधी पोहोचून काही उपयोग नसतो.